कोंबड्यांच्या शेडला चुना, माणसांच्या घराला काय?

होळी झाली की कुक्कुटपालन करणारा शेतकरी शेडच्या कामाला लागतो. पत्रा झाडून घेतो, वर पांढरा चुना मारतो, त्यावर उसाचे पाचट नाहीतर कडब्याचा थर टाकतो, बाजूला गोणपाटाचे पडदे सोडतो. हे त्याला कुणी परिपत्रक काढून सांगितलेले नसते. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी पक्षी कसे पटापट माना टाकतात, हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलेले असते. संकरित गाय तापली की दूध कमी देते, हेही डेअरीच्या काट्यावर दुसऱ्याच दिवशी कळते. म्हणून गोठ्यावर सावली करायला कुणी मागेपुढे पाहत नाही.

आता त्याच शेतकऱ्याच्या राहत्या घराकडे बघा. तोच पत्रा आणि तेच ऊन. आत म्हातारी आई बाजेवर पडलेली, सून चुलीपुढे, लेकरू पाळण्यात. वर मात्र ना चुना, ना पाचट, ना सावली. दुपारी बारा ते पाच घरात थांबवत नाही, म्हणून माणसे लिंबाखाली नाहीतर देवळात जाऊन बसतात. ज्यांना उठता येत नाही, ती तिथेच भाजत राहतात. पक्षी मेला तर वहीत तोटा लिहिला जातो. माणसाची झोप गेली, तब्येत खालावली, तर तो तोटा कुठल्याच वहीत येत नाही. एवढाच काय तो फरक.

शहरात याला छपराचे उष्णतारोधन म्हणतात आणि त्यावर कंपन्यांची दुकाने चालतात. खेड्यात हा विषय अजून कुणाचाच नाही. घरकुलाच्या हप्त्यात तो नाही, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर नाही. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या अनेक ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा घराचे छप्पर ही चैनीची नव्हे, जिवाची बाब झाली आहे.

माळवद गेले, पत्रा आला

आपले वाडवडील याबाबत अडाणी नव्हते. मराठवाड्यात माळवद, खानदेशात धाबे, विदर्भात कवेलू, कोकणात कौलाखाली लाकडी माळा. नावे वेगळी, काम एकच. माळवदाला खाली लाकडी खांब आणि तुळया, त्यावर फळ्या नाहीतर काटक्या, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा फूट-दीड फूट थर. मेच्या उन्हातही आत गारवा. दुपारची ऊब त्या मातीतून खाली यायला रात्र व्हायची, आणि तोवर माणसे वर माळवदावर अंथरुणे टाकून झोपलेली असायची.

मग हे छप्पर आपण का सोडले? त्याला सबळ कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यावरचे मातीचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. साधा हिशेब करा. दीड फूट मातीचे वजन एका चौरस मीटरला सातशे किलोच्या आसपास भरते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर आठ टन, म्हणजे मातीने भरलेल्या दोन-तीन ट्रॉल्या डोक्यावर. त्यात दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवी माती टाकायची, जुनी मात्र कुणी काढायची नाही.

त्या पहाटेनंतर माळवदाखाली झोपायला माणसे भ्यायली आणि डोक्यावर हलका पत्रा आला. विदर्भात कारण वेगळे. तिथे माकडांनी कवेलू फोडले आणि ते फेरायला माणूस मिळेनासा झाला. कोकणात वासे आणि मजुरी परवडेना. वाट वेगळी, पण सगळे येऊन पोहोचले पत्र्याखाली नाहीतर स्लॅबखाली.

पत्रा आणला ही चूक नाही. चूक अशी की मातीबरोबर मातीचे कामही आपण उकिरड्यावर टाकले. ऊन अडवण्याचे काम कुणीतरी करायला हवे होते, ते नव्या छपराला कुणी सांगितलेच नाही.

ऊब आत येते कशी?

दुकानात जाण्याआधी हे समजून घेतले तर पैसे वाचतील. छपरावर ऊन पडते आणि छप्पर तापते. उघडा पत्रा मेच्या दुपारी साठ अंशांच्या पुढे जातो, हात टेकवत नाही. तापलेला पत्रा खाली ऊब फेकू लागतो. चुलीपुढे बसले की तोंडाला जी धग लागते, तशीच ही धग डोक्यावरून येते. हवा कितीही हलवली तरी ती थांबत नाही. म्हणून पत्र्याच्या घरात पंखा लावला की गरम वारा लागतो आणि आपण पंख्याला नावे ठेवतो.

स्लॅबचे आणखी वेगळे. तो दिवसभर ऊन पितो आणि सूर्य मावळल्यावर ओकतो. पत्रा संध्याकाळी लवकर निवतो, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो. ‘पक्कं घर बांधलं पण झोप उडाली’ ही तक्रार गावोगाव ऐकू येते, तिचे मूळ इथे आहे.

म्हणजे उपायाच्या तीन पायऱ्या झाल्या. पहिली, ऊन आल्या वाटेने परतवा, म्हणजे छप्पर पांढरे करा. दुसरी, ऊन छपरापर्यंत पोहोचूच देऊ नका, म्हणजे वर सावली करा. तिसरी, छप्पर तापलेच तर ऊब खाली उतरू देऊ नका, म्हणजे अस्तर किंवा माळा करा. खर्च याच क्रमाने वाढत जातो. दुकानदार मात्र तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो, कारण त्याचा माल तिथे आहे.

कायद्याचा आकडा आणि आजोबांचे माळवद

केंद्र सरकारने २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छपरातून किती ऊब आत यावी, याची मर्यादा तिने घालून दिली. बाहेर आणि आत एका अंशाचा फरक असेल, तर एका चौरस मीटर छपरातून जास्तीत जास्त १.२ वॅट. आकडा जितका लहान, तितके घर थंड.

आता आपली छपरे या मापाने मोजू. बांधकामाच्या तक्त्यांत प्रत्येक पदार्थाचे माप दिलेले असते, त्यावरून हा हिशेब बसतो. उघडा पत्रा, सुमारे ५. चार इंची उघडा स्लॅब, साडेतीनच्या आसपास. आणि फूटभर मातीचे माळवद? सुमारे १. म्हणजे २०१८ च्या नियमात आजोबांचे माळवद पास आणि नातवाचा स्लॅब नापास! चार इंच काँक्रीट ऊब अडवण्याच्या कामात जेमतेम पाव सेंटीमीटर थर्माकोलच्या बरोबरीचे आहे. जाडी बघून फसू नका.

आणखी एक गोष्ट नीट वाचा. ही संहिता पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांसाठी आहे. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्रे आहेत, त्यांच्या छपराला नियम लागला. २५ चौरस मीटरच्या घरकुलाला तो लागत नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच बाहेर. हे कुणी मुद्दाम केले असे म्हणायचे नाही, संहिता शहरातली वीज वाचवण्यासाठी लिहिली गेली. पण घरकुलाची फाईल हाताळणाऱ्यांनी निदान हा आकडा माहीत करून घ्यायला काय हरकत आहे?

पत्र्याच्या घराला काय करावे?

सगळ्यात आधी पांढरा रंग. उन्हातला बराचसा भाग पांढरा पृष्ठभाग परत आकाशात पाठवतो. पांढऱ्या छपराखाली घरात दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. बाहेर ४४ अंश असताना आतले दोन-तीन अंश म्हणजे काय, हे ज्याने ती दुपार काढली त्यालाच कळेल.

पण शेडवर मारतो तोच चुना घराच्या पत्र्यावर मारावा का? लोखंडी पत्र्यावर चुना नीट धरत नाही, वळवाच्या पहिल्या पावसात उतरतो. तो धरावा म्हणून काहीजण त्यात मीठ टाकतात, त्याने पत्रा गंजतो. दरवर्षी मारायची तयारी असेल तर बिनमिठाचा चुना चालवून घ्या. नाहीतर पत्र्याला चालणारा बाहेरचा पांढरा रंग घ्या, गंज घासून, अस्तराचा हात देऊन, वर दोन हात मारा. काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळच्या वेळी करा. धूळ बसली की पांढऱ्याचा गुण कमी होतो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास छप्पर एकदा धुऊन किंवा झाडून घ्या.

दुसरी पायरी सावलीची. रोपवाटिकेतली किंवा ढोबळी मिरचीच्या शेडवरची जुनी शेडनेट घरात पडून असते. पत्र्यापासून दोन हात उंच बांबू उभे करून ती ताणा. पत्र्याला चिकटवून टाकली तर उपयोग थोडा, कारण मधून वारा खेळला पाहिजे. वादळी वाऱ्यात ती उडेल, पत्राही उचलेल, म्हणून दोर पत्र्याच्या हुकांना न बांधता जमिनीतल्या खुंट्यांना बांधा. पाणी असेल तर मांडवावर दोडका, भोपळा चढवा. सावलीही होते आणि भाजीही.

पाचट किंवा कडबा वर टाकायचा का? ऊन अडवण्यात तो एक नंबर, यात वाद नाही. पण घर म्हणजे शेड नव्हे. चुलीची ठिणगी, दिवाळीचा फटाका, विजेची उघडी तार, यातले काहीही पुरेसे आहे. त्यात उंदीर येतो आणि उंदरामागे साप. टाकायचाच असेल तर चूल त्या छपराखाली नको, आणि मृगाच्या आधी तो उतरवलाच पाहिजे. ओला राहिला तर पत्रा कुजतो.

तिसरी पायरी माळ्याची. अनेक घरांत बाया पत्र्याखाली जुन्या साड्या ताणून बांधतात. त्याला हसू नका. पत्र्याची धग थेट अंगावर येत नाही, एवढे काम ती साडीही करते. तेच पक्के करायचे तर बुरुडाकडून बांबूच्या ताट्या विणून घ्या आणि पत्र्याखाली हातभर जागा सोडून लावा. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत, अगदी वरच्या टोकाला, जाळी लावून झरोके ठेवा. पत्र्याखालची तापलेली हवा तिथून निघून जाते. झरोका नसेल तर माळा म्हणजे बंद भट्टी. आपल्याकडे माळा करतात आणि झरोका विसरतात, ही नेहमीची चूक आहे.

सिमेंट पत्रा, कौल आणि स्लॅब

जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. त्याची धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी कर्करोग होऊ शकतो. म्हणून तो तारेच्या ब्रशने घासू नका, कापू नका, नवी भोके पाडू नका. पाणी मारून, मऊ झाडूने हलकेच साफ करून वर चुना किंवा पांढरा रंग द्या. यावर चुना चांगला धरतो. पत्रा ठिसूळ असतो, त्यावर थेट पाय देऊ नका. वाशांच्या ओळीवर आडवी फळी टाकून काम करा. पत्र्यावरून पडून हातपाय मोडून घेतले, तर गारव्याचा काय उपयोग?

कौले आणि कवेलू असतील तर ती शक्यतो टिकवा. सांध्यांतून वारा जातो, माती लवकर निवते. खाली ताटीचा माळा केला की हे छप्पर आजही पत्र्यापेक्षा सरस आहे. माकडांचा त्रास असेल तिथे लोक पत्रा घालतात, त्यांना दोष देता येत नाही. पण पत्रा घालताना माळा काढू नका.

स्लॅबला सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंक किंवा तांदळाची पेज घालून दोन-तीन हात मारायचे. हे काम घरच्या माणसांचे आहे, गवंडी लागत नाही. चुना विझवताना उकळतो आणि डोळ्यांत गेला तर डोळा जातो, म्हणून लेकरांना लांब ठेवा आणि मारणाऱ्याने डोळ्यांना चष्मा लावा. गळतीही थांबवायची असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवतात. कोब्याने ऊब थोडी अडते, पण खरे काम त्या पांढऱ्या तुकड्यांचे.

स्लॅबवर मातीचा थर देण्याची जुनी पद्धत आहे. उलटी मडकी मांडून वर कोबा करण्याचीही आहे. दोन्हींत गुण आहे. मात्र चार इंच माती म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर, आणि घरकुलाच्या स्लॅबवर मिळून चार टन. भिंती आणि सळई तेवढ्यासाठी धरली होती का, हे पंचायत समितीच्या गृहनिर्माण अभियंत्याला विचारल्याशिवाय एक पाटीही वर चढवू नका. किल्लारीचा धडा एकदा शिकला तेवढा पुरे. ज्यांची माळवदे अजून उभी आहेत, त्यांनीही नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवावी.

छपरावर पाणी मारा, असा सल्ला कुणी देईल. विहीर भरलेली असेल तर मारा. टँकरच्या गावात असला सल्ला देणाऱ्याला आधी रांगेत उभे करावे.

दुकानातला माल कसा पारखावा?

तालुक्याच्या बाजारात आता या कामाचा माल मिळतो. थर्माकोल, चकचकीत वर्खाची गुंडाळी, दगडी लोकर, आणि मध्ये फेस भरलेला दुहेरी पत्रा, ज्याला ‘पफ पॅनेल’ म्हणतात.

थर्माकोल ऊब चांगली अडवतो. दोन सेंटीमीटरचा नीट बसवलेला थर स्लॅबला त्या १.२ च्या मर्यादेजवळ आणून ठेवतो. पण तो आगीत वितळतो, पेटतो आणि काळा विषारी धूर सोडतो. स्वयंपाकघराच्या छताला उघडा थर्माकोल कधीही लावू नये. दुसऱ्या खोलीतही तो प्लास्टर, फळी किंवा फरशीच्या आड असावा. पफ पॅनेलमधला फेसही पेटणाराच आहे, फक्त तो पत्र्याच्या आड असतो. नवे छप्परच घालायचे असेल आणि ऐपत असेल, तर पॅनेल चांगले. जुना पत्रा काढून ते घालणे बहुतेकांना परवडणार नाही.

वर्खाच्या गुंडाळीबाबत सगळ्यात जास्त फसगत होते. वर्ख धग अडवतो, पण त्याच्या चकचकीत बाजूपुढे हवेची मोकळी जागा असेल तरच. पत्र्याला चिकटवून खाली लगेच फळी ठोकली, तर पैसे पाण्यात. चकचकीत बाजू खाली ठेवा आणि तिच्याखाली इंचभर तरी पोकळी सोडा. तोंड खाली असल्याने धूळही बसत नाही.

दगडी लोकर पेटत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती ओली झाली की निकामी होते आणि उघडी राहिली तर अंगाला खाजते. गळक्या छपराखाली ती घालू नका. कुठलाही माल घ्या, आधी गळती बंद करा, मग अस्तर लावा. अस्तरामागची गळती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा वासा कुजलेला असतो.

दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. चौरस फुटाला लावून किती? ओला झाला तर काय? पेटला तर काय? घरकुलाचे छप्पर वळचणीसकट साधारण तीनशे चौरस फूट धरा, पहिल्या उत्तराला तीनशेने गुणा, आणि आलेला आकडा पांढऱ्या रंगाच्या खर्चाशेजारी मांडा. मग ठरवा.

विजेच्या बिलाचा हिशेब

‘एवढं कशाला, एक कूलर घेतो की!’ असे म्हणणारे बरेच. घ्या, पण हिशेब करून घ्या. दोनशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर दोन युनिट, महिन्याला साठ. ज्या घराचे बिल सत्तर-ऐंशी युनिटांचे असते, ते शंभराच्या वर जाते. शंभराच्या वरच्या युनिटांचा दर जवळपास दुप्पट आहे, हे बिलाच्या मागच्या बाजूला छापलेले असते. वर कूलरला रोज पाणी घालायचे. आणि दुपारी वीज गेली की सगळेच बंद. पांढऱ्या छपराला वीज लागत नाही, ते भारनियमनातही काम करते.

छप्पर थंड झाल्यावर कूलर लावला तर तो कमी वेळ चालवून भागते. आधी छप्पर, मग यंत्र. उलट क्रमाने गेलात तर दर उन्हाळ्यात पैसे मोजत राहाल.

सौरऊर्जेचा विचार करणाऱ्यांसाठीही यात एक गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका किलोवॅटला ३० हजार आणि दोन किलोवॅटला ६० हजार रुपये अनुदान ठरले. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा धरतात. पॅनेल स्लॅबपासून फूट-दोन फूट उंच बसवले, तर तेवढ्या भागाला फुकटची सावली मिळते. म्हणजे वीजही आणि गारवाही. बसवणाऱ्याला एवढेच सांगायचे, की बाबा रे, जरा उंच बसव आणि खालून वारा जाऊ दे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

इथपर्यंत घरधन्याचे काम झाले. पण सगळे त्याच्यावर ढकलून चालणार नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यात ५० हजारांची भर जाहीर केली. हप्ते जोते, भिंती, छत अशा टप्प्यांनी निघतात. छत पडले, फोटो निघाला, की काम पूर्ण. ते छत राहण्याजोगे आहे का, हा रकानाच फॉर्मवर नाही. वाढलेल्या पैशांतले थोडे छपराच्या पांढऱ्या रंगाला आणि झरोक्याला ठेवायला लाभार्थ्याला निदान सांगितले तरी पुष्कळ होईल. भिंत बांधतानाच झरोका ठेवला तर त्याला खर्च नाही. नंतर फोडायचा तर गवंडी आलाच.

इतर राज्यांकडे बघा. अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत एरवीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे मेली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये ‘थंड छप्पर’ धोरण जाहीर केले, सरकारी इमारतींना ते बंधनकारक केले आणि २०२८ पर्यंत तीनशे चौरस किलोमीटर छप्पर थंड करण्याचे लक्ष्य ठेवले. तेलंगणाची हद्द नांदेडला आणि चंद्रपूरला लागून आहे. ऊन तेच. तिथे जे सुचले, ते इथे का सुचू नये?

धोरण येईल तेव्हा येईल. तोवर गावाच्या हातात असलेली कामे आहेत. अंगणवाडी आणि शाळेच्या खोल्यांची छपरे होळीच्या आत पांढरी करावीत. हा खर्च ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आधीच धरावा, म्हणजे एप्रिलमध्ये पैसे शोधत बसायला नको. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले भाऊसाहेब, आणि आशाताई यांनी मिळून एक यादी करावी. पत्र्याच्या घरात एकटे राहणारे म्हातारे किती, बाळंतिणी किती, अंथरुणाला खिळलेले किती. चुना आणि ब्रश पंचायतीने द्यावा, हात गावातल्या पोरांनी लावावा. एका सकाळी चार-पाच घरे सहज होतात.

यावर एक आक्षेप येईल, की पांढऱ्या छपराने हिवाळ्यात घर गार पडेल. थोडे पडेल. पण आपल्याकडे कडाक्याची थंडी किती आठवडे आणि जीवघेणे ऊन किती महिने? शिवाय खाली ताटीचा माळा असेल तर तो हिवाळ्यात रात्रीची ऊब धरूनही ठेवतो. थंडीला गोधडी आहे. उन्हाला मात्र अंगावरचे काढून काढून माणूस किती काढणार?

माळवद परत आणा, असे इथे कुणी म्हणत नाही. आठ हजार माणसांचा हिशेब विसरून तसे म्हणताही येणार नाही. पण दीड फूट माती जे काम करायची, ते आज एक डबा पांढरा रंग, चार ताट्या आणि दोन झरोके मिळून बरेचसे करू शकतात. तेही डोक्यावर ओझे न चढवता. पुढच्या होळीला शेडवर चुना मारायला शिडी काढाल, तेव्हा खाली उतरल्यावर ती लगेच गोठ्यात ठेवू नका. उरलेल्या बादलीसकट तीच शिडी घराच्या भिंतीला लावा.